पस्तिसावी चिंधी

नामोजीरावांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. चष्म्यावरून नजर टाकली आणि म्हणाले, "छाती अडतीस, पोट चाळीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. ल्यापटापची पिशवी त्याच खांद्यावर घेताय, अल्लवा?"

'अल्लवा' म्हणजे 'हो की नाही'. उत्तराची अपेक्षा नसतानाच ते असं विचारत. सगळं खरं होतं. फक्त पोटाचा आकडा त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर जाहीर करायला नको होता.

मी मूळचा नाशिकचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी म्हैसूरला आलो, हूटगळ्ळीला घर घेतलं, आणि नोकरीचा कंटाळा आला तेव्हा एका निवडणूक सल्लागार कंपनीत शिरलो. हा काय धंदा आहे हे माझ्या आईला अजून समजलेलं नाही. "उमेदवार तू नाहीस. भाषणं तू करत नाहीस. मग तू करतोस काय?" असं तिनं विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "उमेदवारानं कुणाशी बोलायचं, काय बोलायचं आणि बोलताना अंगात काय घालायचं, ते आम्ही ठरवतो."

"म्हणजे बायकोचं काम," आई म्हणाली.

त्यातल्या 'अंगात काय घालायचं' या कलमापायी मी मंडी मोहल्ल्यातल्या नामोजीरावांच्या दुकानात गेलो होतो. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. हैदराबादला आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस. तिथल्या अर्णवनं, म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या माझ्या साहेबानं, उमेदवाराच्या पेहरावावर बावीस पानांचं सादरीकरण पाठवलं होतं. बिनबाह्यांचं जाकीट, अंगासरशी शिवण आणि रंग कच्च्या कैरीचा. या रंगानं विश्वास वाटतो असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या उमेदवाराचं एकच म्हणणं होतं, "जाकीट नामोजीअण्णाच शिवतील."

दुकान म्हणजे दहा बाय अठराची एक खोली. पाटीवरची अक्षरं उडून गेलेली. दुकानाचं नाव काय, असं विचारलं की ते म्हणत, "मालकाचं माहीत हाय ना? पुरे." आत पायानं चालवायचं शिलाईचं यंत्र, गळ्यात टेप, कानामागे खडू आणि भिंतीवर विठोबा. मागच्या बाजूला त्यांच्या पत्नी शांताक्का काजं-बटणं करत बसलेल्या. गल्लीत अशी पस्तीस दुकानं, सगळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी शिंप्यांची. त्यांचं मराठी अर्ध्या वाक्यात कन्नडचा हात धरायचं आणि 'मी केलं'च्या जागी 'मी केलो' म्हणायचं. पहिले आठ दिवस मी ते मनातल्या मनात दुरुस्त करत होतो. आता मीच कधीमधी बायकोला "मी भात खालो" म्हणतो.

नामोजीरावांना माणसं नावानं लक्षात राहत नसत, मापानं राहत. आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक गल्लीतल्या वजनदार माणसांची नोंद करायची होती. वय, व्यवसाय आणि वजन, तेही एक ते पाच. मी फोन काढून त्यांच्यापुढे बसलो.

"तो चौकातला? गळा साडेसोळा. लई बोलतंय. पण मत कुठं टाकायचं ते बायकोला विचारतंय. तिला लिहा."

"आणि समोरचे किराणावाले?"

"त्यांचं पोट गेल्या वर्षी पंचेचाळीस होतं, आता एकेचाळीस. चिंता लागलीय काय तरी. त्यांना आता मतबित विचारू नका हो, सुम्ने, उगीच. ऊटा झाला का, जेवलात का, येवढं विचारा."

ॲपमध्ये 'जेवलात का' याला रकाना नव्हता. मी वजन तीन असं टाकलं आणि पुढे गेलो.

त्यांची दुसरी सवय खिसे तपासण्याची. कपडा दुरुस्तीला आला की आधी खिसे उलटे करायचे आणि जे निघेल ते बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. बसची तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर दाढेची कवळी. सगळं ज्याचं त्याला परत जायचं. एका नवरदेवाची जुनी पँट लग्नाच्या आदल्या आठवड्यात सैल करायला आली होती. खिशात एक प्रेमपत्र, आणि त्यावर नाव भलत्याच मुलीचं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"खिसाच शिवून टाकलो. पत्रासकट."

शांताक्का मागून हसल्या. "त्याला आता दोन पोरं हायत. अजून विचारतोय, अण्णा, या पँटीचा उजवा खिसा का उघडत नाय."

पण गल्लीत त्यांची खरी ख्याती चिंधीसाठी होती. शिंपी आणि तारीख यांचं काय नातं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. नामोजीराव 'उद्या या' कधीच म्हणाले नाहीत. "उद्या म्हणलं की गिऱ्हाइक खूश, शिंपी पण खूश. कपडा तेवढा नसतंय," असं म्हणायचे. कापड ठेवून घेतलं की त्याच्या कोपऱ्याची बोटभर चिंधी कापायची, खडूनं वाराचं अक्षर लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पावती वगैरे नाही. त्या दिवशी पाच वाजता चिंधी घेऊन यायचं, ते ती कपड्याला लावून बघणार, कपडा हातात देणार आणि चिंधी परत घेणार. ज्या दिवशी जमणार नाही तो दिवस द्यायचाच नाही. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस ते अर्धी गिऱ्हाइकं कापडासकट परत पाठवत. शेजारचे दुकानदार तीच गिऱ्हाइकं आनंदानं आत ओढून घेत आणि त्यांना दिवाळीपर्यंत फिरवत.

उमेदवाराच्या जाकिटाच्या वेळी अर्णव व्हिडिओवर हजर होता. मी फोन धरून उभा आणि नामोजीराव मापं घेतायत. अंगासरशी शिवण म्हणजे काय ते अर्णव स्वतःचा शर्ट दाखवून समजावत होता. नामोजीरावांनी फोनच्या पडद्याकडे वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "हा पोरगा श्वास कवा घेतो?"

त्यांनी जाकीट शिवलं तसंच, अंगासरशी. पण आतल्या शिवणीत दोन-दोन इंच माया ठेवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "निवडून आले तर पोट वाढतंय. पडले तर घरी बसून वाढतंय. माया ठेवलेली बरी."

आता त्या गल्लीचा प्रश्न सांगायला हवा. गल्लीच्या टोकाला गुळाच्या आणि तांदळाच्या वखारी आहेत. वखारवाल्यांना रस्ता रुंद हवा होता, म्हणजे लॉऱ्या दारापर्यंत येतील. रस्ता रुंद झाला तर शिंप्यांच्या दुकानांचा पुढचा भाग जाणार, आणि अठरा फुटांच्या दुकानातले सात फूट गेले की यंत्र ठेवायचं कुठे आणि माणूस बसवायचा कुठे? जाकीट न्यायला आले त्या दिवशी आमचे उमेदवार नामोजीरावांचा हात हातात धरून म्हणाले, "अण्णा, तुमच्या गल्लीतलं एकही दुकान हलणार नाही."

ते गेल्यावर नामोजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बर्वेसाहेब, खरं अल्लवा?"

"अगदी खरं," मी म्हणालो. आमच्या पत्रकात तसं छापलेलं होतं, आणि पत्रक मीच लिहिलं होतं.

चिंधीची पद्धत मी अर्णवला सांगितली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. शब्द देण्याची एवढी जिवंत पद्धत, आणि आपण भिंती रंगवत बसलोय! ठरलं. जाकिटाचं हिरवं कापड उरलं होतं. त्याच्या चिंध्या करायच्या आणि नामोजीरावांनी गल्लीत घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं द्यायच्या. ते आधी नको म्हणाले. मग एक अख्खी एकादशी, म्हणजे दुकान बंद ठेवून देवळात भजनाला टाळ धरायचा दिवस, त्यांनी विचारात घालवली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गल्लीच्या पोटाचं काम हाय. देतो मी." त्यांचं स्वतःचं दुकान सोडून चौतीस दुकानं, चौतीस चिंध्या. प्रत्येक ठिकाणी वाक्य एकच, "दुकान हलणार नाय. मी शब्द दिलो." पस्तिसावी चिंधी मी मागून घेतली. ऑफिसात दाखवायला अर्णवला नमुना हवा होता.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पत्रकं दोन होती. शिंप्यांच्या बूथसाठी एक आणि वखारवाल्यांच्या बूथसाठी दुसरं. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. कुठल्या लोकांना काय सांगितलं की काय परिणाम होतो, ते बघायचं. माझ्या लॅपटॉपवर दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडलेल्या असायच्या. एका खिडकीत रस्ता रुंद होत होता, दुसरीत तोच रस्ता जागचा हलत नव्हता. आमच्या तक्त्यात हे दोन बूथ दोन वेगळ्या रकान्यांत होते, आणि रकान्यातली माणसं रकान्यातच राहतात अशी आमची ठाम समजूत होती. दोन्ही रकान्यांचे कपडे एकाच शिंप्याकडे पडतात, हे बावीस पानांत कुठेही नव्हतं.

मतदानाला सहा दिवस उरले असताना गुळाच्या वखारीच्या मालकाचा झब्बा कॉलर बदलायला आला. नामोजीरावांनी सवयीनं खिसे उलटे केले.

मी दुपारी गेलो तेव्हा पत्रक यंत्रावर पसरून ठेवलं होतं. 'रस्ता साठ फूट होणार. आमचा शब्द.' वर हिरव्या जाकिटातला हसरा फोटो. शेजारी गल्लीतलं पत्रक. त्यावरही तेच जाकीट आणि तेच हसू.

"यातलं खरं कुठलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणालो की असं असतं, दोन्ही मसुदेच आहेत, निवडून आल्यावर सगळ्यांना बसवून मार्ग काढतील. बोलता बोलता मलाच माझी लाज वाटायला लागली, पण थांबता येईना.

"तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

त्यांनी टेप गळ्यातून काढून खुंटीला लावला. पाच वाजायच्या आत टेप खुंटीवर गेलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"अण्णा, या वेळी खिसा शिवून टाकता येणार नाही का?" मी चक्क असं विचारलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

"तो त्या पोराचा खिसा होता, बर्वेसाहेब. त्यात माझं काय नव्हतं. यात माझा शब्द हाय."

आणि ते चिंध्या परत गोळा करायला निघाले. देताना एक दुपार लागली होती, घ्यायला तीन दिवस लागले. प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं, "मी दिलो तो शब्द माझ्याकडं नव्हताच. परत द्या. मत कुणाला टाकायचं ते तुमी बघा." लोक चिडले. कुणी म्हणालं, म्हातारा दुसऱ्या पक्षाला विकला गेला. कुणी म्हणालं, आता आमदार आपल्यावर डूख धरेल, गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? शांताक्का मला दारातच म्हणाल्या, "इतक्या वर्षांत यांनी एक कपडा उशिरा नाय दिले. आता दारोदार जाऊन क्षमा मागायलेत." मला त्यांच्याकडे बघवेना.

हैदराबादहून फोनवर फोन. "त्याला सांभाळ," अर्णव म्हणत होता. शेवटी उमेदवारच आले, बरोबर दहा-बारा माणसं. निमित्त जाकिटाचं बटण सैल झाल्याचं. नामोजीरावांचा एक नियम होता: अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा तर घालणाऱ्यानं दातांत दोरा धरायचा, आणि काम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. अपशकुन होतो म्हणे. त्यांनी दोऱ्याचा तुकडा पुढे केला. मतदान तीन दिवसांवर आलेलं. अपशकुनाचा धोका कोण पत्करणार? आमच्या उमेदवारांनी निमूटपणे दोरा दातांत धरला. मतदारसंघात ते गप्प उभे राहिलेले मी तेवढेच पाहिले.

"सर," टाका घालत नामोजीराव कन्नडमध्ये सावकाश बोलू लागले, "तुमचा शब्द मी माझ्या हातानं चौतीस घरांत दिला. वखारीतही तुमचाच शब्द आहे. मला एकच सांगा. रस्ता रुंद करणार असाल तर तसं सांगा. मी घरोघर जाऊन सांगेन. लोक शिव्या घालतील, मी खाईन. रुंद करणार नसाल तर वखारीत जाऊन तसं सांगा. पण दोन्हीकडं एकच सांगा."

उमेदवारांची मान हलली. वर-खाली की आडवी, ते मला नीट कळलं नाही. नामोजीरावांनी गाठ मारली आणि दोरा तोडला. "आता बोला."

उमेदवारांनी दातांतला दोरा काढला, कॅमेऱ्यासमोर हसतात तसे हसले आणि म्हणाले, "अण्णा, दोन्ही बाजूंचं हित बघू."

"आय्तु," नामोजीराव म्हणाले. झालं. बटण मात्र पक्कं बसवलं होतं.

मतदानाच्या आदल्या सकाळी ते माझ्या घरी आले. मंडी मोहल्ल्यातून हूटगळ्ळीला, बस पकडून, पत्ता विचारत. त्यांना दुकानाबाहेर उभं बघून ते इतके बुटके आहेत हे मला प्रथमच जाणवलं. कॉफी घेतली, माझ्या शर्टाची कॉलर कुणी बिघडवली त्याची चौकशी केली आणि मग हात पुढे केला. "चौतीस आल्या. पस्तिसावी तुमच्याकडं."

ती हैदराबादला होती. मी तसं सांगितलं.

"आणता येईल?"

"प्रयत्न करतो." त्या क्षणी मला कळलं की मी 'उद्या या' म्हणालो आहे. त्यांनाही ते कळलं असावं. कॉफीचा पेला खाली ठेवून ते उठले. "म्हणजे एक बाहेर राहिली," एवढंच म्हणाले आणि बसथांब्याकडे गेले.

आमचे उमेदवार निवडून आले. गल्लीची मतं कुठे गेली ते मला सांगता येणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. कंपनीत पेढे वाटले गेले. अर्णवनं ती चिंधी काचेच्या चौकटीत घालून स्वागतकक्षात लावली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की लोकांचा विश्वास असा कमवावा.

दोन महिन्यांनी मी शर्टाचं कापड घेऊन नामोजीरावांकडे गेलो. त्यांनी माप घेतलं, "पोट एकेचाळीस" म्हणाले, शांताक्कांनी चहा दिला, सगळं पूर्वीसारखं. मी हात पुढे करून उभा राहिलो. त्यांनी कापड घडी करून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "तयार झालं की फोन करतो."

फोन करतो! सगळ्या म्हैसुरातले शिंपी हे म्हणतात. पण नामोजीरावांच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला. आठ दिवसांनी फोन आला, शर्ट उत्तम होता, आणि तो घालायची मला इच्छा होईना.

पुढच्या बैठकीला मी हैदराबादला गेलो आणि दुपारी सगळे जेवायला गेले असताना ती चौकट भिंतीवरून उतरवली. मागचे चार खिळे माझ्या घराच्या किल्लीनं उचकटले. चाळिशी ओलांडलेल्या, पोट एकेचाळीस असलेल्या माणसानं आपल्याच ऑफिसात बोटभर चिंधी चोरणं हा प्रकार दिसायला फारसा रुबाबदार नसतो. राजीनामा मी परतीच्या गाडीत लिहिला. आता मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात मालाचं वेळापत्रक सांभाळतो. तिथे तारीख चुकली की निदान ओरडा तरी बसतो.

चिंधी घेऊन गेलो तेव्हा नामोजीराव एका लेंग्याला नाडीची जागा करत होते. त्यांनी ती हातात घेतली, दाराच्या उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि डब्यातल्या हिरव्या गठ्ठ्याला जुळवून बघितली. मग गठ्ठ्याला दोऱ्याची गाठ मारली.

"पस्तीस," ते शांताक्कांना म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दारापासून सात फुटांवर, यंत्राच्या जरा मागे, भिंतीवर लाल रंगाची उभी रेघ आणि बाण. रेघेच्या बाहेरच्या बाजूला नामोजीराव, त्यांचं यंत्र आणि मी. आतल्या बाजूला विठोबा आणि शांताक्का.

"हे कधी?"

"गेल्या आठवड्यात. माप घेऊन गेले." ते पुन्हा यंत्राला बसले. "दिवस काय सांगितले नाय."

 अण्णा, माझी चूक झाली, असं कसंबसं म्हणालो.

"हौदु, हो, झाली," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून हसले. "माप घेऊन दिवस न देणारे शिंपी मी जलमभर बघतोय, बर्वेसाहेब. त्यांचा कपडा लौकर होत नसतंय. चिंते बेडा, काळजी करू नका. ती पिशवीत काय हाय?"

पिशवीत झब्ब्याचं कापड होतं. त्यांनी ते यंत्रावर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या, कात्री उचलली आणि कोपऱ्याची बोटभर चिंधी कापली. कानामागचा खडू काढून तिच्यावर 'बु' लिहिलं.

"बुधवार. पाच."

मी चिंधी खिशात ठेवली. रस्त्यावर आलो आणि ती आहे ना, म्हणून पुन्हा एकदा खिसा चाचपून पाहिला.